राष्ट्रपतींची माफी, राज्यपालांची सूट आणि न्याय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फाशीची तारीख ठरली, एखादा नामांकित कैदी लवकर सुटला किंवा एखाद्या राज्याने जन्मठेपेच्या कैद्यांना सोडले, की तेच ते प्रश्न पुन्हा येऊ लागतात. त्यांतले बहुतेक इथे एकत्र केले आहेत. राज्यघटनेची कलमे (३२, ७२, १६१, २२६) सोडली, तर बाकी कलमांचे आकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे आहेत. जुन्या निकालांत फौजदारी प्रक्रिया संहितेचे आकडे दिसतील, त्याने गोंधळून जाऊ नये.

१. राष्ट्रपती कोणालाही माफ करू शकतात का?

कोणालाही नाही. राज्यघटनेच्या कलम ७२ खाली तीन प्रकारचीच प्रकरणे येतात: लष्करी न्यायालयाने दिलेली शिक्षा, केंद्राच्या अखत्यारीतल्या विषयांवरील कायद्याखालचा गुन्हा, आणि फाशी. फाशी कोणत्याही कायद्याखालची असली तरी राष्ट्रपतींकडे जाता येते. गावातल्या मारामारीत कोणाला तीन वर्षांची शिक्षा झाली असेल, तर त्याने राष्ट्रपती भवनाला पत्र लिहून उपयोग नाही. ते प्रकरण राज्याचे (प्रश्न ४ पाहा). शिवाय कलमात ‘दोषी ठरलेली व्यक्ती’ असा उल्लेख आहे, म्हणजे आधी दोषसिद्धी हवी.

२. माफी, सूट, शिक्षा सौम्य करणे, स्थगिती हे सगळे एकच ना?

नाही, आणि बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात. क्षमा म्हणजे शिक्षेतून पूर्ण मुक्तता. शिक्षा सौम्य करणे म्हणजे तिचा प्रकार बदलणे, उदाहरणार्थ फाशीची जन्मठेप. सूट म्हणजे प्रकार तोच, मुदत कमी. स्थगिती म्हणजे अंमलबजावणी तेवढी पुढे ढकलणे. वर्तमानपत्राचा मथळा ‘राष्ट्रपतींनी माफी दिली’ असा असतो, आत वाचावे तर फाशीची जन्मठेप झालेली असते आणि माणूस तुरुंगातच असतो. पूर्ण क्षमा फारच क्वचित मिळते.

३. हा निर्णय राष्ट्रपती स्वतःच्या मनाने घेतात का?

नाही. १९८० च्या मारू राम निकालापासून हे स्पष्ट आहे की, दयेच्या अधिकारातही राष्ट्रपती केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आणि राज्यपाल राज्य मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागतात. व्यवहारात फाईल केंद्रीय गृह मंत्रालयात तयार होते आणि शिफारशीसह राष्ट्रपतींकडे जाते. सल्ला पटला नाही, तर राष्ट्रपती तो एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. तोच सल्ला पुन्हा आला तर तो मानावा लागतो.

तरीही ‘अमुक राष्ट्रपती कनवाळू, तमुक कठोर’ अशी चर्चा होते ती अगदीच निराधार नाही. फाईलवर किती लक्ष द्यायचे, ती परत पाठवायची की नाही, कधी निर्णय घ्यायचा यात व्यक्तीचा वाटा राहतोच. पण राग किंवा कौतुक एकट्या राष्ट्रपतींवर ओतण्याआधी शिफारस कोणी केली हे विचारायला हवे. तो प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारत नाही.

४. राज्यपाल काय करू शकतात? फाशीच्या बाबतीतही?

कलम १६१ राज्यपालांना राज्याच्या अखत्यारीतल्या गुन्ह्यांबाबत असाच अधिकार देते. लष्करी न्यायालयाची शिक्षा मात्र फक्त राष्ट्रपतींकडे. राज्यपाल फाशीला स्थगिती देऊ शकतात आणि ती सौम्यही करू शकतात. कलम ७२ मध्येच त्यांचा हा अधिकार राखून ठेवला आहे. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत ‘राज्यपाल फाशी पूर्ण माफ करू शकत नाहीत’ असे ठोकून दिलेले असते. २०२१ च्या हरियाणा राज्य विरुद्ध राजकुमार या निकालात मात्र सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांचा अधिकार त्याहून व्यापक मानला आहे.

राज्यपाल फाईल दाबून बसले तर? तमिळनाडू मंत्रिमंडळाने राजीव गांधी हत्या प्रकरणातील कैद्यांच्या सुटकेची शिफारस सप्टेंबर २०१८ मध्ये केली. राज्यपालांनी ती दीर्घकाळ ठेवली आणि मग राष्ट्रपतींकडे पाठवून दिली. शेवटी १८ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांतल्या पेरारिवलन या कैद्याला स्वतःच सोडले आणि राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले आहेत हे पुन्हा बजावले.

५. सत्र न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय अशी चाळणी लागल्यावर पुन्हा दया कशाला? हा न्यायालयाचा अपमान नाही का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे आणि त्यामागचा वैताग समजण्यासारखा आहे. पण न्यायालये चुकतात, आणि काही वेळा ती स्वतः तसे म्हणतात.

१९९६ च्या रावजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, शिक्षा ठरवताना गुन्हा पाहायचा, गुन्हेगाराची परिस्थिती नाही. त्याच वर्षी रावजीला फाशी झाली. पुढे तोच निकाल आधाराला घेऊन आणखी अनेकांना फाशी सुनावली गेली. २००९ मध्ये महाराष्ट्रातल्या संतोष बरियार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले की, रावजीचा निकाल १९८० च्या बच्चन सिंग या घटनापीठाच्या (पाच किंवा अधिक न्यायाधीशांच्या पीठाच्या) निकालाशी विसंगत होता, म्हणजे कायद्याने चुकीचा होता. रावजीसाठी हे तेरा वर्षे उशिरा आले. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून, अशा चुकीच्या आधारावर फाशी झालेल्या तेरा कैद्यांची शिक्षा सौम्य करावी अशी विनंती केली. आयुष्यभर न्यायासनावर बसलेली माणसे न्यायालयाची चूक निस्तरायला राष्ट्रपतींकडे जात होती. त्यांना यात अपमान वाटला नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या २००३ च्या एका प्रकरणाचे उदाहरण याहून बोचरे आहे. भटक्या जमातीतल्या सहा जणांना २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी दिली. त्यांतल्या तिघांची फाशी उच्च न्यायालयाने जन्मठेपेवर आणली होती, ती वाढवून. पुढे प्रकरण पुन्हा उघडले आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले, प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देऊन. एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. हे वाचले ते फेरविचारामुळे. पण मधल्या काळात दोर ओढला गेला असता, तर ती भरपाई कोणाच्या हाती ठेवली असती?

१९८८ च्या केहर सिंग निकालात घटनापीठाने याचे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे: राष्ट्रपती पुरावा नव्याने पाहू शकतात आणि न्यायालयापेक्षा वेगळ्या निष्कर्षाला येऊ शकतात. त्याने निकाल बदलत नाही, न्यायालयाच्या कागदावरचे अक्षरही हलत नाही. त्या निकालाचा परिणाम काय व्हावा एवढेच बदलते.

६. दयेचा अर्ज कोण करू शकते आणि किती दिवसांत?

फाशीच्या बाबतीत कलम ४७२ प्रमाणे कैदी स्वतः, त्याचा कायदेशीर वारस किंवा नातेवाईक अर्ज करू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने अपील किंवा पुनर्विलोकन फेटाळल्याचे तुरुंग अधीक्षकांनी कळवल्यापासून ३० दिवसांत अर्ज द्यायचा. आधी राज्यपाल, तिथे नकार मिळाला तर ६० दिवसांत राष्ट्रपती. राज्याचे अभिप्राय आणि कागदपत्रे आल्यापासून ६० दिवसांत केंद्राने शिफारस करायची आणि राष्ट्रपतींचा आदेश ४८ तासांत राज्याच्या गृह विभागाला व तुरुंगाला कळवायचा.

या सगळ्या मुदतींत एक पोकळी आहे ती लक्षात घ्या: राष्ट्रपतींनी किती दिवसांत निर्णय द्यावा याला मुदत नाही, आणि राज्याने अभिप्राय कधी पाठवावा यालाही नाही. खरा उशीर पूर्वी जिथे होत असे, ती जागा तशीच मोकळी राहिली आहे.

७. एका गुन्ह्यातले चौघे एकामागून एक अर्ज करून फाशी लांबवू शकतात का?

पूर्वी तसे होत असे. २०१२ च्या दिल्लीतल्या निर्भया प्रकरणात २०२० च्या सुरुवातीला फाशीच्या तारखा २२ जानेवारी, १ फेब्रुवारी, ३ मार्च अशा सरकत गेल्या आणि अंमलबजावणी २० मार्चला झाली. एकाचा अर्ज फेटाळला की दुसऱ्याचा दाखल, आणि एकत्र शिक्षा झालेल्यांना वेगवेगळी फाशी देता येत नव्हती. आता कलम ४७२ मध्ये सगळ्यांचे अर्ज ठरावीक मुदतीत घ्यायचे आणि निर्णयही एकत्रच करायचा अशी तरतूद आहे.

८. गृह मंत्रालय फाईलमध्ये नेमके काय बघते?

त्याचे निकष २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालात नमूद आहेत. आरोपीचे वय, लिंग, मानसिक दुर्बलता. गुन्ह्याची परिस्थिती. अपील न्यायालयाने पुराव्याबद्दल शंका घेऊनही शिक्षा कायम ठेवली का. न्यायाधीशांत मतभेद होते का. खालच्या न्यायालयाने निर्दोष सोडून वरच्याने फाशी दिली का. नवा पुरावा आला का. तपासाला आणि खटल्याला फार उशीर झाला का.

निकष चांगले आहेत. अडचण अशी की ते बंधनकारक नाहीत, आणि अर्ज का फेटाळला याची कारणे कैद्याला कळवण्याची सक्तीही नाही. परीक्षेत नापास केले, पण कोणत्या प्रश्नाचे गुण गेले ते सांगायचे नाही, असा हा प्रकार. न्याय्यतेचा खरा प्रश्न मला इथे दिसतो. दयेचा अधिकार असावा की नसावा यापेक्षा, दोन सारख्या फाईलींना सारखी वागणूक मिळाली का हे तपासायची सोय नाही, हे जास्त गंभीर आहे.

९. उशीर झाला की फाशी आपोआप रद्द होते, हे खरे का?

आपोआप होत नाही. १९८३ मध्ये एका निकालात दोन वर्षांची मर्यादा सुचवली गेली होती. १९८९ च्या त्रिवेणीबेन निकालाने ती बाजूला सारली: ठरावीक मुदत नाही, पण दयेच्या अर्जाला अकारण विलंब झाला तर कैदी न्यायालयात जाऊ शकतो. २१ जानेवारी २०१४ रोजी शत्रुघ्न चौहान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पंधरा कैद्यांची फाशी जन्मठेपेवर आणली. त्यामागचे तत्त्व साधे आहे. न्यायालयाने फाशी दिली होती. फाशी आणि वर दहा वर्षे रोज मरणाची वाट बघणे अशी दुहेरी शिक्षा दिली नव्हती.

महाराष्ट्रातली दोन प्रकरणे यात ठळक आहेत. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातील दोन बहिणींना २००१ मध्ये फाशी झाली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. जवळपास आठ वर्षांच्या या विलंबावरून मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये फाशीची जन्मठेप केली आणि शासनाच्या ढिलाईवर कडक ताशेरे ओढले. सुटका मात्र दिली नाही. दुसरे प्रकरण पुण्यातल्या बीपीओ कर्मचारी तरुणीच्या खुनाचे. राष्ट्रपतींनी मे २०१७ मध्ये अर्ज फेटाळला, पण फाशीचे वॉरंट निघाले एप्रिल २०१९ मध्ये. मधली जवळपास दोन वर्षे कागद एका कार्यालयातून दुसऱ्यात फिरत होते. उच्च न्यायालयाने दोघांची शिक्षा ३५ वर्षांच्या कारावासावर आणली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. दयेच्या अर्जांसाठी राज्यांनी स्वतंत्र कक्ष ठेवावा असा आदेशही दिला.

फाईल कशी चालते याचा मासलाच हवा असेल तर बेळगावच्या तुरुंगातला हा कैदी पाहा. त्याची फाशी राष्ट्रपतींनी जून २०१२ मध्ये सौम्य केली. तो २००७ मध्येच वारला होता.

१०. म्हणजे सरकारच्या आळसाचा फायदा गुन्हेगाराला. पीडिताच्या घरच्यांनी काय करायचे?

त्यांचा संताप रास्त आहे, फक्त त्याचा पत्ता चुकतो. वरच्या दोन्ही प्रकरणांत शिक्षा सौम्य झाली ती कोणाला दया आली म्हणून नव्हे. टेबलावर पडलेल्या कागदांमुळे झाली. त्या कुटुंबांवर अन्याय झाला तो त्या टेबलापाशी.

कायद्याने पाहिले तर कलम ७२ खालच्या प्रक्रियेत पीडित कुटुंबाला सुनावणीचा हक्क नाही. कैद्यालाही तोंडी सुनावणीचा हक्क नाही. कुटुंब लेखी निवेदन गृह मंत्रालयाला देऊ शकते, आणि दया किंवा सूट बेकायदा वाटली तर न्यायालयात आव्हान देऊ शकते. बिल्किस बानो यांनी तेच केले (प्रश्न १३).

११. राष्ट्रपतींच्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात जाता येते का?

अपील नाही. पण मर्यादित न्यायालयीन पुनर्विलोकन आहे. निर्णय योग्य की अयोग्य हे न्यायालय ठरवत नाही, तो घेतला कसा ते पाहते. २००६ च्या एपुरु सुधाकर निकालात कसोट्या स्पष्ट झाल्या: विचार न करता, दुष्ट हेतूने, असंबद्ध कारणांवरून किंवा महत्त्वाचे कागद बाजूला ठेवून घेतलेला निर्णय टिकत नाही. त्या प्रकरणात आंध्रच्या राज्यपालांनी दिलेली सूट रद्द झाली. कैदी ‘चांगला काँग्रेस कार्यकर्ता’ आहे असा शेरा अहवालात होता. शेरा लिहिणाऱ्याला त्यात काही वावगे वाटले नाही, हेच बोलके आहे.

कलम ४७२ मध्ये आता म्हटले आहे की, राष्ट्रपतींच्या आदेशाविरुद्ध अपील नाही आणि तो कसा घेतला याची चौकशी कोणत्याही न्यायालयात होणार नाही. माझ्या मते याचा परिणाम मर्यादितच राहील. कलम ३२ आणि २२६ खालचे सर्वोच्च व उच्च न्यायालयांचे अधिकार घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग आहेत आणि साध्या कायद्याने ते काढून घेता येत नाहीत.

१२. जन्मठेप म्हणजे १४ वर्षेच ना?

नाही. हा गैरसमज पुसला जात नाही म्हणून स्पष्टच लिहितो: जन्मठेप म्हणजे उरलेले सगळे आयुष्य. गांधी हत्या खटल्यातील गोपाळ गोडसे यांनी हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयात मांडला होता आणि १९६१ मध्ये तो फेटाळला गेला.

मग १४ कुठून आले? ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते अशा गुन्ह्यातल्या जन्मठेपेला कलम ४७५ सांगते की, १४ वर्षे प्रत्यक्ष भोगल्याशिवाय शासन सुटका करू शकत नाही. ही तरतूद १९७८ मध्ये आली. ती किमान अट आहे. चौदा झाली की दार उघडेल असा हक्क तीत नाही. घटनेतला अधिकार मात्र या अटीने बांधला जात नाही, त्यामुळे कलम ७२ किंवा १६१ खाली चौदा वर्षांआधीही निर्णय होऊ शकतो.

काही वेळा न्यायालयच ‘२५ वर्षे सूट नाही’ किंवा ‘मरेपर्यंत सूट नाही’ असे लिहिते. २०१५ मध्ये घटनापीठाने ते वैध ठरवले. तिथेही राष्ट्रपती आणि राज्यपालांचा अधिकार शाबूत राहतो.

१३. सरकारने सोडलेले कैदी परत तुरुंगात कसे गेले?

बिल्किस बानो प्रकरणातल्या अकरा जणांना गुजरात सरकारने १५ ऑगस्ट २०२२ रोजी सोडले. ती राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची दया नव्हती, फौजदारी कायद्याखालची शिक्षेतली सूट होती. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. गुन्हा गुजरातमध्ये घडला असला तरी खटला मुंबईत चालला आणि शिक्षाही मुंबईत झाली, त्यामुळे सूट द्यायचा अधिकार महाराष्ट्र शासनाचा होता. सर्वोच्च न्यायालयाचाच आधीचा एक आदेश वस्तुस्थिती दडवून मिळवला होता, असेही न्यायालयाने नोंदवले. अकराही जणांना दोन आठवड्यांत हजर व्हावे लागले.

सामान्य कैद्यासाठी याची दुसरी बाजू महत्त्वाची आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, राज्याचे सूट धोरण असेल तर पात्र कैद्याचा विचार शासनाने स्वतःहून करायचा, अर्जाची वाट पाहायची नाही. ज्याला वकील नाही, लिहिता येत नाही, घरचे भेटायला येत नाहीत, असे कैदी धोरणात बसत असूनही वर्षानुवर्षे आत राहतात.

१४. एकाच गुन्ह्यात एकाला फाशी आणि दुसऱ्याला दया, असे घडले आहे का?

घडले आहे. हरबन्स सिंग प्रकरणात तिघांना एकाच खून खटल्यात फाशी झाली होती. कश्मीरा सिंगचे प्रकरण स्वतंत्रपणे सर्वोच्च न्यायालयापुढे आले आणि त्याची जन्मठेप झाली. जीता सिंगला ऑक्टोबर १९८१ मध्ये फाशी दिली गेली. हरबन्सचा दयेचा अर्जही फेटाळला गेला होता, पण तो ऐनवेळी सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. न्यायालयाने त्याची शिक्षा सौम्य करावी अशी शिफारस राष्ट्रपतींना केली. तिघांचा गुन्हा एकच होता. अर्ज कोणत्या दिवशी कोणासमोर गेला, एवढाच फरक.

१५. माफी फक्त मोठ्यांनाच मिळते, असे का वाटते?

कारण नानावटी. पारशी नौदल अधिकारी नानावटी यांना एका सिंधी माणसाच्या खुनाबद्दल ११ मार्च १९६० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली आणि त्याच दिवशी राज्यपालांनी ती स्थगित करून त्यांना नौदलाच्या ताब्यात ठेवले. सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने सांगितले की, प्रकरण त्या न्यायालयापुढे असताना अशी स्थगिती चालणार नाही. १९६१ मध्ये शिक्षा कायम झाली आणि १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना क्षमा केली. त्याच वेळी भाई प्रताप या सिंधी व्यापाऱ्यालाही क्षमा मिळाली. पारशी आणि सिंधी अशा दोन्ही समाजांना सांभाळून घेतले, अशी चर्चा तेव्हा झाली ती उगाच नाही.

त्याच्या उलट बाजूला राष्ट्रीय विधी विद्यापीठ, दिल्लीचा २०१६ चा अभ्यास ठेवा. देशातल्या फाशीच्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बल असल्याचे त्यात आढळले. यांच्यासाठी मंत्रालयात खेटे घालणारे कोणी नसते. मोठ्यांना दया मिळते यापेक्षा, लहानांची फाईल कोणी उघडून वाचत नाही हे मला जास्त खुपते.

१६. माफी मिळाली की गुन्हा पुसला जातो का? निवडणूक लढवता येते का?

सूट मिळाली असेल तर मुळीच पुसला जात नाही. १९६१ च्या शरतचंद्र राभा निकालातल्या उमेदवाराला तीन वर्षांची शिक्षा झाली होती, सूट मिळून तो दोन वर्षांच्या आत सुटला. तरी न्यायालयाने त्याला अपात्रच मानले, कारण न्यायालयाने दिलेली शिक्षा तीन वर्षांचीच राहते. पूर्ण क्षमेचा परिणाम वेगळा होऊ शकतो, पण तिथे आदेशाची भाषा वाचूनच सल्ला घ्यावा.

१७. ‘माफीचा साक्षीदार’ म्हणजे राष्ट्रपतींनी माफ केलेला का?

नाही. गुन्ह्यात सामील असलेल्याने सगळे खरे सांगण्याच्या अटीवर न्यायालय त्याला माफी देते. राष्ट्रपतींचा त्यात काही संबंध नाही. अट मोडली, तर त्याच्यावर खटला चालतो.

१८. अमेरिकेत खटल्याआधीच माफी देतात. आपल्याकडे का नाही?

तिथे राष्ट्राध्यक्षांचा अधिकार संघीय गुन्ह्यांपुरता आहे, पण त्या मर्यादेत मंत्रिमंडळाचा सल्ला लागत नाही आणि आरोपपत्राचीही गरज नाही. फोर्ड यांनी १९७४ मध्ये निक्सन यांना खटला सुरू होण्याआधीच माफ केले. बायडन यांनी २०२४ मध्ये मुलाला माफी दिली, आणि ट्रम्प यांनी जानेवारी २०२५ मध्ये संसद भवनावरील हल्ल्यातल्या सुमारे दीड हजार जणांना दिलासा दिला. आपल्याकडे दोषसिद्धी आधी लागते (प्रश्न १). पण हुरळून जायचे कारण नाही. इथे सरकारी वकील न्यायालयाच्या परवानगीने खटला मागे घेऊ शकतो आणि राजकीय खटल्यांत ती वाट पुष्कळदा वापरली गेली आहे.

१९. बालकांवरील अत्याचारात दयेचा अर्जच नको, असे राष्ट्रपतींनी म्हटले होते ना?

म्हटले होते. रामनाथ कोविंद यांनी डिसेंबर २०१९ मध्ये, पॉक्सोखाली बलात्काराची शिक्षा झालेल्यांना हा हक्क नसावा असे मत मांडले. घटना मात्र बदललेली नाही. कलम ७२ मध्ये कोणत्याही गुन्ह्याचा अपवाद नाही. टाडा या जुन्या दहशतवादविरोधी कायद्याच्या कैद्यांना विलंबाचा मुद्दा लागू नाही, हे २०१३ मध्ये एका निकालात म्हटलेलेही २०१४ मध्ये नाकारले गेले.

२०. अर्ज फेटाळल्यावर पुन्हा करता येतो का? कैद्याचे मानसिक संतुलन बिघडले तर?

घटनेत मनाई नाही, पण कलम ४७२ ची भाषा पहिल्याच अर्जाची आहे, त्यामुळे परिस्थितीत काही नवे घडले असेल तरच दुसऱ्या अर्जाला वजन येते. याकूब मेमनचा दुसरा अर्ज २९ जुलै २०१५ च्या रात्री फेटाळला गेला, सर्वोच्च न्यायालयाने मध्यरात्रीनंतर सुनावणी घेतली आणि ३० जुलैच्या सकाळी नागपूरला फाशी झाली. शिक्षेनंतर जडलेला गंभीर मानसिक आजार मात्र फाशी सौम्य होण्याचे मान्य कारण आहे. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या एका कैद्याबाबत, त्याचे नाव गुप्त ठेवून, सर्वोच्च न्यायालयाने तसाच निर्णय दिला.

२१. अर्ज फेटाळल्याचे घरच्यांना कधी कळते?

अफझल गुरूला ९ फेब्रुवारी २०१३ रोजी फाशी झाली, तेव्हा कुटुंबाला पाठवलेले स्पीड पोस्टचे पत्र अजून पोहोचायचे होते. त्यानंतर, २०१४ पासून, नकार लेखी कळवणे आणि तो कळवल्यापासून फाशीपर्यंत किमान १४ दिवस ठेवणे बंधनकारक आहे. या काळात शेवटची भेट घेता येते आणि न्यायालयातही जाता येते.

२२. आमचा माणूस आत आहे. आता नेमके काय करायचे?

आधी शिक्षा कोणत्या राज्यात आणि कोणत्या कायद्याखाली झाली ते पाहा, त्यावरून अर्ज कुठे जाणार हे ठरते (प्रश्न १, ४, १३). निकालांच्या प्रती, वयाचा दाखला, आजाराचे कागद आणि तुरुंगातल्या वर्तनाचा अहवाल गोळा करा. वयाच्या दाखल्याकडे दुर्लक्ष करू नका, नाशिकच्या प्रकरणात तोच निर्णायक ठरला असता. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, ही मदत मोफत असते आणि दयेच्या टप्प्यावरही मिळते. अर्ज तुरुंग अधीक्षकांमार्फत द्या आणि पोहोच तारखेसह घ्या. पुढे विलंबाचा मुद्दा आला, तर मोजणी त्या तारखेपासून सुरू होते.